आठ दिवसांचं शून्य

२७ जानेवारी

प्रिय छटाक,

आजवर या दोन हातांनी काय काय केलं त्याची यादी आधी देतो, म्हणजे मी कोणत्या अधिकाराने बोलतोय ते कळेल. दांडीचे तराजू, एकशे चौदा. त्यातला सगळ्यात मोठा लोखंडाच्या वखारीत टांगलाय, सगळ्यात लहान एका औषधवाल्याकडे आहे आणि त्याची दांडी चष्म्याच्या काडीएवढी आहे. पितळी वजनांचे संच, एकतीस. भंगारातून उभं केलेलं लेथ मशीन, एक. ते अजून चालतं. घराचा जिना, सतरा पायऱ्या, प्रत्येक पायरी साडेसहा इंच, कुठूनही मोज. तुझ्या वहिनीच्या चष्म्याची दांडी, तीनदा. आणि या सगळ्याच्या आधी, अकराव्या वर्षी केलेला एक तराजू. त्याच्याबद्दल आत्ता बोलत नाही.

हे सगळं मला कुणी शिकवलं नाही. शाळा आठवीत सुटली. पुढचं मी मोडून, जोडून आणि चुकून शिकलो. म्हणून कुणी नुसतं “असंच असतं” म्हणालं की माझं डोकं फिरतं.

काल फोनवर तू म्हणालीस, “पंधरा फेब्रुवारीला दाखल व्हायचंय, कळा सुरू करून देणार आहेत.” गॅसचं सिलिंडर येणार आहे असं सांगावं तशा आवाजात. मी “का?” विचारलं तर म्हणालीस, “दादा, ओरडू नकोस.” मी ओरडत नव्हतो. डावा कान गेल्यापासून माझा साधा आवाजच तेवढा आहे. मग तू फोन ठेवलास, आणि वहिनी म्हणाली, “तुम्ही दोघं लिहा बाई. लिहिताना तरी एक जण बोलतो तेव्हा दुसरा गप्प असतो.”

म्हणून लिहितोय. का? कोण म्हणालं? कशावरून? नऊ वर्षं तू आणि तुझ्या नवऱ्याने, आपल्या गुरुजींनी, या बाळासाठी काय काय सोसलं ते मला माहीत आहे. आता शेवटच्या पायरीवर कुणी तुला ढकलत असेल तर मला कारण हवं. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स पाठव. सगळ्या. तुला बिनकामाचे वाटतात तेही.

तुझा दादा

३० जानेवारी

दादा,

घे झेरॉक्स. एकोणीस पानं आहेत. दुकानदार म्हणाला, “ताई, केस चाललीय का कोर्टात?” मी म्हटलं, “हो, माझा भाऊच न्यायाधीश आहे.”

कारणं तीन. एक, माझं वय चाळीस. दोन, बाळ आयव्हीएफचं. तीन, प्रत्येक सोनोग्राफीत बाळ तारखेच्या मानाने लहान दिसतंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, अशा वेळी आम्ही एकोणचाळीस आठवडे भरले की थांबत नाही. त्या हिशोबाने पंधरा फेब्रुवारी. आधी औषध ठेवतील, मग लागलं तर सलाईनमधून कळांचं औषध. त्या चांगल्या आहेत रे. घाईत असतात, पण डोळ्यात बघून बोलतात.

तिसऱ्या कारणाने मी आतून हलले आहे, तुला म्हणून सांगते. मी रोज कारखान्यात गणवेशाचं कापड बेतते. लहान, मध्यम, मोठं, तीन मापं. आणि घरी येऊन पोटावर हात ठेवून विचारते, तू कुठल्या मापाचं रे बाळा? मीही लहानच जन्मले होते ना? म्हणून तर तू मला छटाक म्हणतोस. माझंच काहीतरी बाळात गेलं असेल.

वहिनीला सांग, पाय सुजलेत, चपला आता गुरुजींच्या घालते.

छटाक

२ फेब्रुवारी

छटाक,

तू लहान होतीस म्हणून मी तुला छटाक म्हणत नाही. पण ते राहू दे. आधी हे नीट वाच, आणि गुरुजींनाही मोठ्याने वाचून दाखव.

एकोणीस पानं मी टेबलावर लावली. चार सोनोग्राफ्या. प्रत्येकीत दोन आकडे, तारखेनुसार बाळ किती आठवड्यांचं हवं, आणि मापाने किती दिसतं. मी फरक काढला. आठ दिवस. आठ दिवस. सात. नऊ.

आता माझ्या धंद्यातलं ऐक. तराजू दोन तऱ्हांनी चुकतो. दांडी वाकडी असली तर चूक वजनाबरोबर वाढत जाते, किलोला पाच ग्रॅम तर दहा किलोला पन्नास. पण रिकामा असतानाच काटा शून्यावर नसला, तर चूक कायम तेवढीच राहते. एक किलो ठेव, शंभर ठेव, तेवढीच. तुझं बाळ खरंच वाढीला मागे पडत असतं तर आठ, बारा, सतरा असा फरक वाढत गेला असता. तो चारही वेळा आठावरच उभा आहे. एखादा दिवस इकडेतिकडे होणारच, मापणारा माणूस आहे.

बाळ लहान नाही. शून्य चुकलंय.

मग त्यांनी शून्य कुठून धरलंय ते मी शोधलं. पहिल्या पानावर कारकुनाच्या अक्षरात, “शेवटची पाळी १८ मे.” तिथून दोनशे ऐंशी दिवस मोजले, बावीस फेब्रुवारी. पण सतराव्या पानावर आयव्हीएफवाल्यांचं पत्र आहे. गर्भाशयाचं अस्तर जाड होईना म्हणून औषधं आठ दिवस वाढवली, आणि पाच दिवसांचा गर्भ चौदा जूनला आत सोडला. छटाक, ज्या बाळाचा दिवस कागदावर लिहिलेला आहे त्याचा अंदाज कशाला करायचा? मी औषधवाल्याच्या मुलीला, ती नर्स आहे, विचारून घेतलं. पाच दिवसांच्या गर्भाला चौदा जूनपासून दोनशे एकसष्ट दिवस. तारीख येते दोन मार्च.

म्हणजे पंधरा फेब्रुवारीला तुझे एकोणचाळीस आठवडे नाहीत, अडतीसही नाहीत. एक दिवस कमीच पडतो.

आता तू जाणार नाहीस. पंधराला नाही, कधीच नाही. कळा आपोआप येतील तेव्हा येतील. चालत्या काट्याला कुणी बोट लावायचं नाही, मग ती कितीही डोळ्यात बघून बोलो. मी आहे.

दादा

८ फेब्रुवारी

दादा,

आधी तुझी शाबासकी. तुझं बरोबर निघालं. डॉक्टरबाईंनी फाइल उघडली, ते पत्र शेवटच्या पानाला उलटं टाचलेलं होतं. त्यांनी तारखांची चकती फिरवली, मग कॉम्प्युटरवर मोजलं. मग म्हणाल्या, “दोन मार्च. चूक आमची आहे.” माझ्या समोर लाल पेनाने खोडून नवी तारीख लिहिली आणि खाली सही केली. बाळ मापात आहे. मी तिथेच रडले आणि गुरुजींनी माझ्या रुमालाने स्वतःचं नाक पुसलं.

आता दुसरं. बाहेर पडताना नर्सने विचारलं, “ते तराजूवाले तुमचे कोण?” म्हटलं, कोण तराजूवाले? तर कळलं की तू आदल्या दिवशी, मला न सांगता, पाच तास प्रवास करून तिथे आला होतास! दारात उभा राहून रांगेतल्या सगळ्या बायकांना म्हणालास, “आपापल्या तारखा तपासून घ्या, इथे शून्य चुकतं!” एक बिचारी घाबरून घरी निघून गेली. आणि डॉक्टरबाईंना म्हणालास, “माझी बहीण कळा आणून घेणार नाही.”

तुला कुणी सांगितलं?

मी म्हटलं होतं का तसं? एकदा तरी? तुला काळीज आहे, डोकं आहे, पण दादा, माझं पोट म्हणजे तुझा तराजू नव्हे.

मी डॉक्टरबाईंसमोर पाऊण तास बसले. सगळं विचारलं. तिसरं कारण गेलं, पण माझं वय काही खोडता येत नाही, आणि आयव्हीएफही. त्या म्हणाल्या, धोका थोडाच आहे, पण तारखेच्या पुढे थांबत गेलं तर वाढतो. कळा सुरू केल्या तर सगळं सरळ होतं असंही नाही. दोन दिवस लागू शकतात, शेवटी पोट उघडावं लागू शकतं. “हे माझं मत आहे, हुकूम नाही,” असं म्हणाल्या. मग मी ठरवलं. दर तिसऱ्या दिवशी ठोके आणि पाणी तपासायचं. तोवर कळा आल्या तर उत्तम. नाही आल्या तर दोन मार्चला सकाळी मी स्वतःच्या पायांनी आत जाईन आणि कळा सुरू करून घेईन.

तू लिहितोस, आपोआप. अरे, या बाळाचं काय आपोआप झालं? बशीत जमलं, बर्फात राहिलं, नळीने आत आलं. त्याआधीची तीन आलीच नाहीत. नऊ वर्षं मी वाट बघण्यातच काढली. आता वाट बघणं म्हणजे काहीतरी मोठं पुण्य आहे असं मला तू सांगू नकोस.

पुन्हा त्या दारात न विचारता दिसलास तर मी तुला ओळख दाखवणार नाही.

तुझी बहीण

१२ फेब्रुवारी

छटाक,

तुझं पत्र वहिनीने आधी वाचलं. माझ्याकडे देताना एवढंच म्हणाली, “बरं झालं.”

त्या घाबरलेल्या बाईला मी शोधलं. नर्सकडून फोन मिळवून माफी मागितली. तिची तारीख बरोबर होती.

आता जे मी चाळीस वर्षं सांगितलं नाही ते सांगतो. त्याने माझी चूक कमी होत नाही, पण तू म्हणशील हा असा का वागतो, त्याचं उत्तर तुझ्याकडे असलेलं बरं.

तू लहान जन्मलीस ती आईमुळे नाही, तुझ्या रक्तामुळे नाही. तू लवकर आणली गेलीस. आईचे पाय सुजले होते, तपासायला नेलं, तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या, “दिवस कधीच भरलेत.” आई म्हणत होती, “नाही भरले. अजून दीड महिना आहे. मला माहीत आहे.” ती तीनदा म्हणाली. मी खिडकीखाली बसलो होतो, मी मोजलं. बाबा म्हणाले, “त्यांना जास्त कळतं.” सुई दिली. तू आलीस, एक किलो सातशे.

घरी आणल्यावर तू पीत नव्हतीस. तुझं वजन बघायला घरात काही नव्हतं. मी कपडे अडकवायचा हँगर घेतला, बिस्किटांच्या डब्याची दोन झाकणं, आणि सुतळी. किराणावाल्याने वजनं उसनी दिली. जुनी शेरांची वजनं त्याच्याकडे पडून होती, ती त्याला लागत नव्हती. रोज सकाळी मी तुला तोलायचो. नऊ दिवस तू उतरत गेलीस. आईला मी खोटं सांगायचो, तेवढीच आहे म्हणून. दहाव्या दिवशी काटा पहिल्यांदा तुझ्या बाजूला झुकला. दुसऱ्या झाकणात एक वजन वाढवावं लागलं. सगळ्यात छोटं, एक छटाक.

मी ओरडत घरभर पळालो, “छटाक! छटाक!” नाव तेव्हा पडलं. तू लहान होतीस म्हणून नाही. तू वाढलीस म्हणून.

ते वजन मी परत केलेलं नाही. पुढे सगळे तराजू केले ते त्यामुळेच.

दादा

१६ फेब्रुवारी

दादा,

दोन दिवस तुझं पत्र उशीखाली होतं. गुरुजी म्हणाले, “उत्तर लिही, नाहीतर ते पुन्हा बसने येतील.”

चाळीस वर्षं मला वाटत होतं की तू मला चिडवतोस. शाळेत मी त्या नावावरून तीन पोरांना मारलंय.

पण एक सांगू? तू खिडकीखालून चूक गोष्ट ऐकलीस. तुला सुई ऐकू आली. मला तुझ्या पत्रात ऐकू आलं ते हे, की आई तीनदा बोलली आणि कुणी ऐकलं नाही. त्या बाईंनी ऐकलं नाही, बाबांनी ऐकलं नाही. आणि आता मी बोलतेय तर तू ऐकत नाहीस. सुई वाईट नव्हती रे. न विचारता दिलेली सुई वाईट होती.

मी दोन मार्चला जाणार. माझ्या अटी मी कागदावर लिहून डॉक्टरबाईंना दिल्यात. मला सारखं झोपवून ठेवायचं नाही, चालू द्यायचं. गुरुजी आत. न सांगता काही कापायचं नाही. त्यांनी वाचलं, एका अटीवर वाद घातला, बाकीच्या मान्य केल्या. वादाची अट अशी की तिथला पलंग माझ्या छातीएवढा उंच आहे, मला कळा बसून द्यायच्यात, आणि बसायला काही नाही. त्या म्हणाल्या, “मजबूत आणि धुता येणारं काही आणलंत तर बघू.”

तुला हातांनी काही करायचंच असेल तर हे कर. बुटकी बैठक, पुढून मोकळी, धरायला दोन्हीकडे दांड्या. गुरुजींनी मापं घेतलीत. जमिनीपासून गुडघ्याच्या वाकापर्यंत चाळीस सेंटीमीटर. बाकीचं मागच्या पानावर.

छटाक (आता मला आवडतं)

१९ फेब्रुवारी

छटाक,

ऐकलं. दोन मार्च. मी काही बोलणार नाही.

फक्त एक. तुझी उंची चार फूट अकरा. चाळीस येणं शक्य नाही. गुरुजींनी माप घेतलं तेव्हा तुझ्या पायात चपला होत्या का?

लाकूड कापलेलं नाही. उत्तर येईपर्यंत थांबतो.

दादा

२१ फेब्रुवारी

होत्या. गुरुजींच्या. जाड तळव्याच्या. साडेछत्तीस.

आयुष्यभर मापाने कापड बेतून मला हे सुचलं नाही. आणि खबरदार कुणाला सांगितलंस तर.

छ.

९ मार्च

दादा,

एका हाताने लिहितेय, दुसरीकडे ती आहे.

बैठक घेऊन ये म्हटलं तसा तू आलास, पण बाहेरच्या बाकावरच बसून होतास, आतलं तुला कुणी सांगितलं नसेल. दोनला सकाळी औषध ठेवलं. संध्याकाळपर्यंत काही नाही. तीनला सकाळी सलाईन लावलं. नर्स म्हणाली, “आता आडवं व्हा.” मी म्हटलं, “कागद वाचा.” तिने कागद वाचला, मला वाचलं, आणि सलाईनच्या चाकांच्या खांबाला हात लावून म्हणाली, “चला मग, फिरायला जाऊ.” खोलीत बावीस फेऱ्या. गुरुजी मोजत होते, मध्येच चुकले, मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं.

दुपारी बैठकीवर बसले. तीन तास. पाय जमिनीला पूर्ण टेकले, दादा. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी खुर्चीवर माझे पाय पूर्ण टेकले. डॉक्टरबाई समोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, “या उंचीचं आम्हाला कधी सुचलं नाही.” कळा फार होत्या. मी तुला, बाबांना आणि गुरुजींना असं काही बोलले की नर्सने दार लावून घेतलं.

शेवटी मात्र ठोके थोडे मंद झाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, “कुशीवर झोपता का? मला वाटतं तसं लवकर होईल. तुम्ही सांगा.” मी म्हटलं, झोपते. ती कुशीवर झाली. तुझ्या बैठकीवर नाही झाली म्हणून तोंड पाडू नकोस. मला विचारलं, मी सांगितलं, तसं झालं.

आणि तू पिशवीतून तराजू काढलास तेव्हा नर्सने कपाळावर हात मारला होता, तेही सांगून ठेवते.

छटाक

१४ मार्च

प्रिय छटाक,

तोंड पाडलेलं नाही. वहिनीला विचार. एक दिवस पाडलं होतं, तो धरू नकोस.

त्यांचा विजेवरचा काटा दोन किलो आठशे चाळीस म्हणाला. माझा म्हणाला आठशे अठ्ठावन्न. त्यांचा अठरा ग्रॅम कमी दाखवतो, मी नर्सला लिहून देऊन आलो. या वेळी आधी विचारलं, “सांगू का?” ती म्हणाली, “नाही म्हटलं तर थांबणार आहात का?”

आता तुला न सांगितलेली गोष्ट. मी तिला किलोत नाही तोललं. माझ्याकडची जुनी शेरांची वजनं नेली होती. एका पारड्यात ती, दुसऱ्यात तीन शेर. काटा तिच्याकडे झुकलेलाच राहिला. मग मी खिशातून ते छोटं काढलं आणि हळूच ठेवलं. काटा मधोमध उभा राहिला. तीन शेर, एक छटाक. किलोत मांडलं की तेच दोन किलो आठशे अठ्ठावन्न. आता ते वजन परत करायला हरकत नाही, पण किराणावाला नाही राहिला.

परवा तुमच्या हॉस्पिटलचे व्यवस्थापक माझ्या घरी आले होते. डॉक्टरबाईंनी पाठवलं म्हणाले. बैठकीचा फोटो होता त्यांच्याकडे. त्यांच्या सगळ्या शाखांना तशा हव्यात. मी म्हटलं, आनंदाने करतो, प्रत्येक बाईचं माप पाठवा, अनवाणी घेतलेलं. नाहीतर पायांना आटे लावून उंची कमीजास्त होणारी करतो, एकेका बैठकीला चार दिवस जास्त लागतील. ते हसले. म्हणाले, “एवढं कोण बघतं? सरासरी घ्या. बाया काय, बसतील त्यात.”

मी त्यांना पाणी दिलं आणि जिन्यापर्यंत सोडायला गेलो. सतरा पायऱ्या.

चाळीस बैठका मागत होते. सगळ्या एकाच उंचीच्या, बेचाळीस सेंटीमीटर. अर्धे पैसे आगाऊ. एकूण तीन लाख साठ हजार. मी नाही म्हणालो.

दादा